नवीन प्लांट, ओझोन आणि परमिट: ह्यूस्टनला नव्याने आलेल्या इंजिनियर मंडळींसाठी

ह्यूस्टनला आल्यापासून दरवर्षी दोन-तीन फोन येतातच. कुणी तारापूर नाहीतर पाताळगंगेच्या प्लांटवर सात-आठ वर्षं काढून इकडे आलेलं असतं, कुणाला इथेच एमएस करून पहिली नोकरी लागलेली असते, आणि पहिल्याच प्रोजेक्टच्या मीटिंगमध्ये कुणीतरी "नॉन-अटेनमेंट एनएसआर ट्रिगर होतंय का तेवढं बघ" म्हणून निघून जातं. मग रात्री फोन, ताई हे काय प्रकरण आहे जरा नीट सांगा ना. एनएसआर म्हणजे न्यू सोर्स रिव्ह्यू, हवा आधीच खराब असलेल्या भागात नवा प्लांट आणायच्या आधीची परमिटची तपासणी. तेच सगळं एकदा लिहून काढतेय. मी वकील नाही, एअर परमिटची कामं करणारी केमिकल इंजिनियर आहे, त्यामुळे कलमं कमी आणि काम जास्त असं सांगेन.

आधी मूळ गोष्ट. ओझोन कुठल्याही चिमणीतून बाहेर पडत नाही. तुमच्या प्लांटमधून निघतात नायट्रोजन ऑक्साइड्स, ज्यांना सगळे नॉक्स म्हणतात, आणि व्हीओसी म्हणजे हवेत उडून जाणारे सेंद्रिय वायू. या दोघांवर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. लॉस एंजेलिसचा धूर नेमका कशातून होतो हे कॅलटेकच्या आरी हागन-स्मिट यांनी 1950 च्या सुमारास दाखवलं, तोपर्यंत लोक दुसरीकडेच बोट दाखवत होते. त्यामुळे इथला कायदा ओझोनसाठी असला तरी मोजमाप नेहमी नॉक्स आणि व्हीओसीचं होतं, तेही वेगवेगळं. दोघांची बेरीज करायची नाही. ही चूक मी खूप जणांकडून झालेली बघितली आहे.

ह्यूस्टनला अजून एक भानगड आहे. सकाळी जमिनीकडून वारा वाहतो आणि शिप चॅनलच्या रिफायनऱ्या, पेट्रोकेमिकल प्लांट्सचं सगळं गॅल्व्हेस्टन बेवर नेऊन ठेवतो, तिथे ते उन्हात शिजतं आणि दुपारी खाडीवरचा वारा तेच उलटं शहरावर आणून सोडतो. म्हणून इथे ओझोनचा त्रास दुपारी दोन-तीनच्या पुढे वाढतो, आकाश स्वच्छ निळं दिसत असलं तरी. माझा मुलगा सॉकर खेळतो आणि ओझोन ॲक्शन डेच्या दिवशी त्यांचा कोच प्रॅक्टिस संध्याकाळी उशिरा ढकलतो. डिअर पार्क, ऑल्डीन, बेलँड पार्क इथली मॉनिटरं तो आकडा मोजतात आणि तुमच्या परमिटची सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

पहिली पायरी: जागेचा दर्जा बघा, प्लांटचं डिझाइन नंतर

जमिनीचा तुकडा ठरायच्या आधीच विचारा, ही काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) अटेनमेंट आहे, म्हणजे हवा मानकात बसते, की नॉन-अटेनमेंट, म्हणजे बसत नाही. ईपीएचं, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण खात्याचं, ओझोनचं सध्याचं मानक 2015 चं, 70 पीपीबी (हवेच्या अब्ज भागांत 70 भाग), आठ तासांची सरासरी. हे मोजतात कसं? वर्षातल्या प्रत्येक दिवसाची सगळ्यात जास्त आठ-तासी सरासरी घ्यायची, त्यातला चौथ्या नंबरचा आकडा उचलायचा, आणि असे तीन वर्षांचे तीन आकडे घेऊन त्यांची सरासरी काढायची. समजा एका मॉनिटरवर तीन वर्षांत चौथे आकडे आले 74, 71 आणि 68, तर सरासरी 71, म्हणजे नापास. तिसऱ्या वर्षी हवा चांगली होती या म्हणण्याला इथे काही किंमत नाही.

नापास झालेल्या भागांना 1990 च्या क्लीन एअर ॲक्टच्या दुरुस्तीने पाच दर्जे दिले: मार्जिनल, मॉडरेट, सीरियस, सीव्हियर आणि एक्स्ट्रीम. मुदतीत सुधारणा झाली नाही की वरच्या दर्जात ढकलतात. आणि इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो, कारण जुनी मानकंही चालूच राहतात. ह्यूस्टनच्या आठ काउंट्या 2008 च्या 75 पीपीबीच्या मानकाखाली 2022 मध्ये सीव्हियर झाल्या, आणि 2015 च्या मानकाखाली त्यातल्या सहा 2024 मध्ये सीरियस झाल्या. दोन्ही एकदम लागू, आणि जे कडक ते तुम्हाला धरून चालायचं. म्हणून 'ह्यूस्टन सीरियस आहे ना' असं कुणी म्हटलं तर लगेच मान डोलवू नका, कुठल्या मानकाखाली ते विचारा. ईपीएचं ग्रीन बुक नावाचं पान आहे त्यात काउंटीनुसार सगळं बघता येतं, काम सुरू करायच्या दिवशी ते परत उघडून बघायचं, कारण दर्जा बदलतो.

आपल्याकडची तुलना केली तर पटकन कळेल. आठ तासांसाठी भारताचं 2009 चं मानक घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम आहे, इथले 70 पीपीबी म्हणजे साधारण 137 मायक्रोग्रॅम, म्हणजे कागदावर आपला आकडा जास्त कडक. पण त्या आकड्यावरून नव्या कारखान्याचं काय अडतं? एमपीसीबीकडून, म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून, कन्सेंट टू एस्टॅब्लिश (कारखाना उभारायची संमती) घेताना ओझोनसाठी दुसऱ्याचं उत्सर्जन कमी करून दाखव असं कुणी सांगत नाही. 2010 साली केंद्राने अतिप्रदूषित औद्योगिक भागांत नव्या प्रकल्पांना काही काळ बंदी घातली होती, त्यात तारापूर, डोंबिवली, चंद्रपूर होतं, या विचाराच्या सगळ्यात जवळ जाणारं आपल्याकडचं उदाहरण मला तेच वाटतं. इथे बंदी नाही, पण घरात जागा नसेल तर आधी जागा कर आणि मग पाहुणा आण, असा रोखठोक हिशोब आहे.

दुसरी पायरी: पीटीई काढा, आणि प्रामाणिकपणे काढा

पीटीई म्हणजे पोटेन्शियल टू एमिट. तुमचा प्लांट जास्तीत जास्त किती सोडू शकतो, वर्षाचे 8,760 तास पूर्ण क्षमतेने चालला तर. तुम्ही खरोखर किती चालवणार आहात हा प्रश्नच नाही, जोवर कमी चालवण्याची अट परमिटमध्ये लिहून घेऊन तुम्ही स्वतःला बांधून घेत नाही.

एक उदाहरण हाताने करून बघू. 100 एमएमबीटीयू (एक एमएमबीटीयू म्हणजे दहा लाख बीटीयू उष्णता) प्रति तासाचा गॅसवरचा हीटर आहे, लो-नॉक्स बर्नर लावलेत, आणि बर्नरवाला 0.05 पाउंड नॉक्स प्रति एमएमबीटीयू सांगतोय. म्हणजे तासाला 5 पाउंड. गुणिले 8,760 केले की 43,800 पाउंड, भागिले 2,000 म्हणजे वर्षाला 21.9 टन. असे दोन हीटर असले तर 43.8 टन. आता हा आकडा कशाशी ताडायचा? नवीन प्लांट 'मेजर' कधी होतो तर मार्जिनल आणि मॉडरेट भागात 100 टनांना, सीरियसमध्ये 50, सीव्हियरमध्ये 25 आणि एक्स्ट्रीममध्ये, म्हणजे लॉस एंजेलिसकडे, फक्त 10. बघा, तेच दोन हीटर मार्जिनल भागात छोटा प्रकल्प आहेत आणि ह्यूस्टनला मेजर सोर्स. एक हीटर 21.9 वर बसतो म्हणून सुटलो असं वाटेल, पण मग फ्लेअर (जादा वायू जाळून टाकणारी चिमणी), आणीबाणीचा डिझेल जनरेटर, सगळ्यांचा नॉक्स धरायला लागलात की 25 कधी ओलांडले कळतही नाही. आणि जुन्या चालू प्लांटमध्ये भर घालत असाल तर हिशोब वेगळा असतो, तिथे गेल्या पाच वर्षांतली वाढ-घट मिळवून नेट आकडा बघतात.

आता टनाबद्दल, कारण इथे माझा स्वतःचा हात पोळलाय. इथला टन म्हणजे शॉर्ट टन, 2,000 पाउंड, म्हणजे 907 किलो. मी नवीन असताना एका प्रोजेक्टचा व्हीओसीचा हिशोब सवयीने मेट्रिकमध्ये केला, 24 आले, 25 च्या खाली म्हणून मोकळी झाले. आमच्या सीनियर बाईंनी स्प्रेडशीटच्या कोपऱ्यातलं युनिट बघितलं आणि काही न बोलता कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला. 24 मेट्रिक टन म्हणजे जवळपास 26.5 शॉर्ट टन. प्रकल्प मेजर होता! अर्ज गेला असता आणि नंतर कुणाला सापडलं असतं तर परमिटशिवाय बांधकाम केल्यासारखंच झालं असतं. तेव्हापासून मी प्रत्येक कॉलमच्या डोक्यावर युनिट पूर्ण शब्दात लिहिते, तुम्हीही लिहा.

अजून दोन-तीन खाचखळगे. व्हीओसीच्या कायदेशीर व्याख्येत मिथेन, ईथेन आणि ॲसिटोन येत नाहीत, ते वेगळे काढा. नॉक्सचं वजन नेहमी एनओटू धरून करायचं, बाहेर पडताना त्यात बहुतेक एनओ असला तरी. आणि स्टार्टअप, शटडाउन, मेंटेनन्सचं उत्सर्जन विसरू नका, टाकी रिकामी करून साफ करतानाची वाफ ही वर्षातून एकदाच असली तरी ती हवेतच जाते.

ह्यूस्टनला एथिलीन, प्रोपिलीन, ब्युटाडाईन आणि ब्युटीन्स हे वेगळ्या रांगेत बसतात. 2000 साली इथे हवेचा मोठा अभ्यास झाला, विमानांनी प्लांट्सच्या वरून हवा मोजली, तेव्हा या हलक्या वायूंचं प्रमाण कंपन्यांच्या कागदावरच्या आकड्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त निघालं. हे वायू फार पटकन ओझोन बनवतात. म्हणून टेक्सासने त्यांच्यासाठी वेगळे नियम आणले, फ्लेअर आणि कूलिंग टॉवरवर मॉनिटर, वर हॅरिस काउंटीत कॅप अँड ट्रेड, म्हणजे एकूण उत्सर्जनाला मर्यादा आणि तिच्या आत वाट्याची खरेदी-विक्री. तुमच्या प्लांटमध्ये यातलं काही असेल तर पहिल्या दिवसापासून त्याचा वेगळा तक्ता ठेवा. आणि या प्रकारातून घ्यायचं ते एवढं घ्या की फॅक्टर लावून काढलेला आकडा हा अंदाज असतो, तो खाली खेचायला कुणी दबाव आणला तर माझ्या डोळ्यासमोर तरी ते विमान येतं.

तिसरी पायरी: कुठला रस्ता, पीएसडी की नॉन-अटेनमेंट

जिथे हवा पास आहे तिथे पीएसडीचा रस्ता, म्हणजे चांगली हवा बिघडू न देण्याच्या परमिटचा. तिथे मेजरचा आकडा 250 टन, पण केमिकल प्लांट, रिफायनरी वगैरे 28 प्रकारांना 100 टन. तिथे बॅक्ट लावायचं, म्हणजे उत्तम नियंत्रण, पण खर्चाचा विचार करून ठरवलेलं. जिथे हवा नापास आहे तिथे नॉन-अटेनमेंट एनएसआर आणि तिथे 'लेअर', म्हणजे अशा यंत्रातून मिळवता येणारी सगळ्यात कमी उत्सर्जनाची पातळी. यात खर्च हा मुद्दाच नाही. अमेरिकेत कुठेही कुणी तसाच हीटर कमी नॉक्समध्ये चालवून दाखवला असेल, किंवा कुठल्याही राज्याच्या आराखड्यात त्याहून कडक मर्यादा लिहिलेली असेल, तर तो आकडा तुमच्या गळ्यात.

हे शोधायला ईपीएचा आरबीएलसी नावाचा डेटाबेस आहे, तिथे सगळ्या राज्यांची परमिटं आणि त्यातल्या मर्यादा नोंदवलेल्या असतात. पण नुसता तिथे शोधून थांबू नका, कॅलिफोर्नियाची ताजी परमिटं वेगळी काढून वाचा, नोंदी मागे राहिलेल्या असतात. वरच्या उदाहरणात हीटरना एससीआर, म्हणजे अमोनिया सोडून नॉक्स मोडणारं यंत्र, बसवलं आणि 0.01 पाउंडवर आलात तर दोन्ही मिळून 8.76 टन, 43.8 वरून! म्हणजे नियंत्रण आधीच डिझाइनमध्ये धरलं आणि ती मर्यादा परमिटमध्ये लिहून घेतली तर मेजरच्या उंबरठ्याच्या खाली राहता येतं. याला सिंथेटिक मायनर म्हणतात आणि हा चोरमार्ग नाही, हवेला खरंच तेवढं कमी जातं. फक्त मर्यादा अशी हवी की कुणीही मोजून तपासू शकेल. एससीआरला अमोनिया लागतो आणि थोडा निसटतोही, तो हिशोबात घ्या.

सगळ्यात छोट्या कामांसाठी टेक्सासमध्ये परमिट बाय रूल आणि स्टँडर्ड परमिट आहेत, त्यात फार शिरत नाही. पण एकच प्रकल्प तुकडे करून तीन छोट्या परमिटांत बसवायचा प्रयत्न करू नका, ईपीए आणि टीसीईक्यू (टेक्सासचं पर्यावरण खातं) दोघंही ते शोधतात.

थोडं विषय सोडून, पण प्लांट म्हणजे एकच 'सोर्स' की आतलं प्रत्येक यंत्र वेगळं सोर्स, या एका शब्दावर 1984 साली सुप्रीम कोर्टाचा शेव्हरॉनचा प्रसिद्ध निकाल लागला. ईपीएने राज्यांना अख्खा प्लांट एका बुडबुड्याखाली धरायची मुभा दिली होती आणि कोर्टाने ती मान्य केली, शब्द संदिग्ध असेल तर खात्याचा वाजवी अर्थ चालेल म्हणून. पुढची चाळीस वर्षं अमेरिकेतली कितीतरी सरकारी खाती त्या निकालावर टेकून होती, आणि जून 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानेच तो मोडीत काढला. हवेच्या परमिटची एक व्याख्या एवढी लांब गेली, हे मला आजही नवल वाटतं.

चौथी पायरी: ऑफसेट

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथे जातो. नापास भागात नवा मेजर सोर्स आला तर तो जेवढं सोडणार त्यापेक्षा जास्त दुसरीकडून कमी झालेलं हवं. प्रमाण दर्जाप्रमाणे वाढतं: मार्जिनलमध्ये 1.1 ला 1, मॉडरेट 1.15, सीरियस 1.2, सीव्हियर 1.3, एक्स्ट्रीम 1.5. आपले 43.8 टन नॉक्स असते तर ह्यूस्टनला जवळजवळ 57 टनांची क्रेडिटं लागली असती.

ही क्रेडिटं येतात कुठून? कुणीतरी जुना बॉयलर बंद केला, कायद्याने सांगितलेल्यापेक्षा जास्त नियंत्रण बसवलं, की ती घट राज्याच्या बँकेत जमा करता येते. पण घट खरी हवी, कायमची हवी, मोजता येणारी हवी, सक्तीने राबवता येणारी हवी, आणि कायद्याने तसंही करावं लागलंच असतं अशी घट चालत नाही. बहुतेक वेळा त्याच नॉन-अटेनमेंट भागातली लागते. ह्यूस्टनला क्रेडिटं कमी आणि मागणी भरपूर, त्यामुळे ब्रोकरला फोन डिझाइन गोठवल्यावर नाही, जागा बघतानाच करा. क्रेडिटला मुदत असते, तारीख बघून घ्या. आणि नॉक्सच्या बदल्यात व्हीओसीची क्रेडिटं चालतील का हा प्रश्न नेहमी येतो: ईपीएने 2018 च्या नियमात तशी वाट ठेवली होती, जानेवारी 2021 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने ती रद्द केली. त्यामुळे नॉक्सला नॉक्स, व्हीओसीला व्हीओसी, असंच धरून चाला.

याच्या जोडीला दोन कागद लागतात जे नवीन लोक शेवटच्या आठवड्यात लिहायला घेतात. एक म्हणजे तुमच्या कंपनीचे त्या राज्यातले बाकीचे मेजर प्लांट्स नियमात आहेत किंवा नियमात येण्याच्या वेळापत्रकावर आहेत याचं प्रमाणपत्र, आणि दुसरं म्हणजे दुसरी जागा, दुसरा आकार, दुसरी प्रक्रिया का नाही याचं विश्लेषण. हे दुसरं मनापासून लिहा. बाकी अर्जात आकडे असतात, 'हा प्लांट इथेच का' या प्रश्नाला फक्त इथे उत्तर द्यावं लागतं.

पाचवी पायरी: अर्ज, जाहिरात आणि शेजारी

अर्ज टीसीईक्यूकडे गेला, प्रशासकीयदृष्ट्या पूर्ण ठरला की पहिली नोटीस: वर्तमानपत्रात जाहिरात, जागेवर बोर्ड, आणि अर्जाची प्रत जवळच्या लायब्ररीसारख्या ठिकाणी. जवळच्या शाळेत द्विभाषिक शिक्षण चालत असेल तर जाहिरात त्या भाषेतही द्यावी लागते, ह्यूस्टनच्या पूर्वेकडे बहुतेक वेळा स्पॅनिश. तांत्रिक तपासणी संपून मसुदा तयार झाला की दुसरी नोटीस आणि 30 दिवस लोकांची मतं. हरकत घेणारा माणूस बाधित ठरला तर काँटेस्टेड केस हिअरिंग, म्हणजे कोर्टासारख्या सुनावणीपर्यंत जाऊ शकतं. वेळापत्रक करताना हे महिने धरा, आशेवर वेळापत्रक करू नका.

एकदा पूर्वेकडच्या एका जागेवर बोर्ड बघायला गेले होते. बोर्ड कुंपणाला होता पण समोर गवत एवढं वाढलेलं की रस्त्यावरून फक्त वरची एक ओळ दिसत होती. समोरच्या घरातल्या आजी अंगणात होत्या, त्यांनी विचारलं काय लिहिलंय, मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं. त्यांचा दुसरा प्रश्न होता, "दुपारी की रात्री सोडणार?" ओझोनच्या दृष्टीने इतका अचूक प्रश्न मला कुठल्या मीटिंगमध्ये कुणी विचारला नव्हता. आम्ही त्याच दिवशी गवत कापून घेतलं. तेव्हा बोर्ड लावल्यावर फोटो काढून फाइलला लावणं पुरेसं नाही, रस्त्याच्या पलीकडे उभं राहून वाचता येतोय का ते बघा, आणि आठवड्याने परत बघा.

सार्वजनिक बैठकीला कंपनीने इंजिनियर म्हणून पाठवलं तर जा आणि साध्या भाषेत बोला. 'वर्षाला अमुक टन' याने कुणाला काही कळत नाही. कुठली यंत्रं, दिवसातून कधी, फ्लेअर पेटली तर कुणाला फोन करायचा, हे सांगा.

सहावी पायरी: परमिट हातात येईपर्यंत फावडं नाही

कायम स्वरूपाचं बांधकाम परमिटच्या आधी सुरू करायचं नाही. पाया घालणं, पाइप पुरणं, नुसतं 'तयारी म्हणून' केलं तरी ते बांधकामच धरलं जाऊ शकतं. आपल्याकडून आलेल्या लोकांना हे जड जातं, कारण पावसाळ्याआधी पाया उरकून घेऊ ही सवय असते. काय चालतं आणि काय नाही हे प्रत्येक कामासाठी टीसीईक्यूच्या परमिट इंजिनियरला लेखी विचारा आणि उत्तराचा ईमेल फाइलला ठेवा, साइटवरच्या काँट्रॅक्टरलाही त्याची प्रत द्या, कारण जेसीबीवाला तुमचा अर्ज वाचत नाही.

परमिट मिळाल्यावर बसून राहायचं नाही हेही खरं. पीएसडी परमिटवर 18 महिन्यांत काम सुरू झालं नाही तर ते रद्द होतं, मुदतवाढ मागता येते पण नियंत्रणाचं विश्लेषण ताजं करायला सांगतात. ऑफसेट प्लांट चालू होण्याआधी प्रत्यक्षात आलेले हवेत. मग स्टॅक टेस्ट, म्हणजे हीटर पूर्ण भारावर चालवून चिमणीतला नॉक्स मोजायचा आणि 0.01 लिहून घेतलंय ते खरंच येतंय का बघायचं. टेस्टच्या आधी एससीआरचं तापमान आणि अमोनियाचा दर ऑपरेटरच्या स्क्रीनवर दिसतो का ते स्वतः कंट्रोल रूममध्ये जाऊन बघा, आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरशी बोला, मर्यादा कुठल्या आकड्याला ओलांडली जाते हे त्याला माहीत असायलाच हवं. पुढे टायटल फाइव्हचं, म्हणजे प्लांट चालवायचं, परमिट येतं आणि त्यात दर सहा महिन्यांनी कुठे मर्यादा चुकली ते लिहून द्यावं लागतं, त्यामुळे त्या नोंदींची वही प्लांट सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच उघडा.